ओल्हाबाईचं स्वयंपाकघर

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सोलापुरातलं भाकरीचं शेड बंद ठेवायचं, हा धनलक्ष्मीचा नेम होता. एरवी वर्षभर तिथं पहाटेपासून बायकांच्या हातांची थापथाप चालायची आणि कडक भाकरींच्या चळती उभ्या राहायच्या. पण येळवशीला तवे थंड आणि सगळं घरदार अक्कलकोटच्या वाटेवरच्या रानात. यंदाही सकाळीच टेम्पोतून आंबिलीचे माठ, पालेभाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, खीर, शेंगाच्या पोळ्या असं सगळं रानात येऊन पडलं होतं. ज्वारी कमरेला लागली होती. तिचा नवरा मल्लिनाथ आणि धाकटा दीर बसू यांनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून त्यांच्यावर शाल घातली. पूजा झाली. दोघे भाऊ रानाच्या कडेकडेनं आंबील शिंपडत फिरून आले.

सगळं झालं होतं, पण भुवी आली नव्हती.

भुवनेश्वरी बसूची मुलगी. ती पाळण्यात असताना तिची आई गेली आणि धनलक्ष्मीनं तिला पदराखाली घेतलं. भुवी तिला दोडव्वा म्हणायची, म्हणजे मोठी आई. डॉक्टर व्हायला म्हणून पोरगी युक्रेनमधल्या खारकीवला गेली आणि तिथं युद्धात सापडली. त्या फेब्रुवारीत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग ती परत आली, राहिलेलं शिक्षण दुसऱ्या देशात पुरं केलं, परीक्षा दिली, आणि आता सोलापुरातल्याच एका दवाखान्यात उमेदवारी करत होती. लोक म्हणायचे, सगळं नीट झालं. धनलक्ष्मी तसं म्हणत नव्हती. परत आल्यापासून त्या दिवसांबद्दल भुवीनं तोंडच उघडलं नव्हतं. विचारलं की हसायची, "होतं तसंच काहीतरी," म्हणून उठून जायची. दिवाळीत फटाके वाजायला लागले की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. धनलक्ष्मीनं ते पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"येईल की," सासूबाई शिवबाई खोपीच्या सावलीत पाय पसरून म्हणाल्या. "दवाखान्याची नोकरी हाय. माणसं काय येळवस बघून आजारी पडत्यात व्हय?"

तेवढ्यात शेजारच्या रानातले बाळासो फोन वर धरून बांध ओलांडत आले. येळवशीला ते आधी आपल्या खोपीत जेवायचे, मग मल्लिनाथच्या, आणि दोन्हीकडं भज्जीला नावं ठेवायचे.

"मालक! तुमच्या पोरानं जगात नाव काढलं आणि तुमी हितं दगडांना शाल घालत बसलाय?"

"काय केलं आता त्यानं?" मल्लिनाथ म्हणाला.

"काय केलं म्हणतोय बाप! खेळ केलाय खेळ. फोनवर आलाय. आमच्या घरात पोरं सकाळपासनं तेच बघत्यात."

श्रीशैल खोपीमागं पाण्याची घागर उतरवत होता. धनलक्ष्मीचा एकुलता एक. पुण्यात तीन मित्रांबरोबर कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. कुठलातरी लढाईचा गेम चाललाय आणि बाहेरदेशातली एक कंपनी तो घेणार आहे, एवढंच घरात ठाऊक होतं. बाळासोंचं बोलणं ऐकून त्यानं घागर ठेवली ती हिंदकळून निम्मी सांडली.

"बाळासोकाका, नंतर बघू की. जेवण तर होऊ दे."

"का रं, लाजतो व्हय?"

फोन हातोहात फिरला. धनलक्ष्मीच्या हातात आला तेव्हा तिनं पदरानं काच पुसली आणि पाहिलं. बर्फ पडत होतं. मोडक्या इमारती. पडद्याच्या खालच्या बाजूला एक बंदूक, अशी की जणू आपल्याच हातात आहे. ती बंदूक जिना चढली, चौथ्या मजल्यावरच्या एका दाराला लाथ बसली, आत स्वयंपाकघर, गोळ्या. मग खाली तळघर, ओळीनं बरण्या, भिंतीला टेकून बसलेली माणसं. शेवटी अख्खी इमारत धुरळ्यात बसली आणि इंग्रजी अक्षरं आली.

"हे चित्र हाय का खरं हाय?" मल्लिनाथनं विचारलं.

"चित्रच, अप्पा. आम्ही केलंय."

"लई भारी केलंय," धनलक्ष्मी म्हणाली, आणि खरंच तिला तसं वाटलं. बर्फाचा एकेक कण दिसत होता. आपल्या पोराच्या हातात एवढी कला कुठून आली, याचंच तिला नवल वाटत होतं. श्रीशैलची मान मात्र खाली होती.

भुवी आली ती दवाखान्यातल्या मैत्रिणीची स्कूटर घेऊन, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहऱ्यावर रात्रपाळीची झोप. शिवबाईंनी "बा, कुंद्र," असं कानडीत म्हणून तिला जवळ बसवून घेतलं. धनलक्ष्मीनं ताट वाढलं. भुवीनं उंडा मोडून आंबिलीत बुडवला, एक घास खाल्ला, आणि बाळासोंनी तिच्या पुढ्यात फोन धरला.

"डॉक्टरीणबाई, भावाचा पराक्रम बघा!"

"काका, नको—" श्रीशैल म्हणाला, पण तोवर ते सुरू झालं होतं.

भुवीनं पाहिलं. संपल्यावर स्वच्छ बोटानं परत मागं नेऊन जिन्यापासून पाहिलं. मग ताट बाजूला सारलं.

"अण्णा, हा जिना कुठला?"

"भुवी, मी तुला आधी सांगणार होतो. मित्रांनी कालच गेमची फिल्म नेटवर टाकून दिली, मला—"

"जिना कुठला ते सांग."

"तुझ्या बिल्डिंगचा."

"आणि तळघर?"

श्रीशैलनं फोनकडं हात नेला आणि मागं घेतला.

"त्या दिवसांत मी तुला फोटो पाठवले होते," भुवी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सगळे ऐकत राहिले. "फक्त तुला. बाबांना नाही, दोडव्वाला नाही. मी तिथंच मेले तर कुणाकडं तरी असावेत म्हणून. ह्याच्यासाठी नाही."

बसूनं हातातली पळी पातेल्यात सोडली.

"त्या चौथ्या मजल्यावर ओल्हाबाई राहते. माझी घरमालकीण. आजही तिथंच आहे. रोज सकाळी मला फोनवर एक फुलाचं चित्र पाठवते. फूल आलं की मला कळतं, रात्र निभावली. आज सकाळी आलं. आणि तू तिच्या दाराला लाथ घातलीस."

"मी नाही गं, तो जो खेळणारा असतो—"

"खेळणाऱ्याच्या हातात बंदूक कुणी दिली?"

"माणसांना कळावं म्हणून केलं मी!"

"मला कळलं." भुवी उभी राहिली. "जोवर हे तुझ्याकडं आहे तोवर मी त्या घराचा उंबरा चढणार नाही. हॉस्टेलवर जागा आहे, तिथं राहीन." आणि ती ज्वारीच्या कडेनं चालत गेली, पार बांधावरच्या बाभळीपर्यंत.

मग जे व्हायचं ते झालं. मल्लिनाथ कडाडला. हा माणूस एरवी शांत, पण भुवीच्या डोळ्यात पाणी आलं की त्याला काही सुचत नसे.

"काढून टाक ते! आत्ताच्या आत्ता! हे शिकायला पाठवलं व्हय तुला? जितं माणसं मरायल्यात तितं खेळ मांडायचा?"

"अप्पा, जुन्या महायुद्धांवर किती गेम आहेत. त्यात माणसं नव्हती मेली? त्यांना कुणी काही म्हणत नाही. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांनी केलं असतं तर चाललं असतं ना? मेलेल्यांची पोरंबाळंही मेल्यावर?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? उलट आज केलं तर आजचं म्हणून कुणी बघेल. भुवी आली त्या महिन्यात घरासमोर न्यूजवाल्यांची रांग होती. त्यानंतर कोण आलं? खारकीव कुठं आहे हे आज आपल्या गल्लीत एकाला तरी सांगता येईल?"

"बातमीत माणूस खेळत नसतो की."

"बातमी बघत माणूस चहा पितो, अप्पा. भजी मागवतो. बातमीला मागं ढोल वाजवतात."

"ते मातर खरं हाय," बाळासो म्हणाले. "आमच्याकडं तर टीव्हीवर रोजच लढाई. बायको म्हणती, आवाज कमी करा, मालिकेचं ऐकू येईना."

"तुमी गप बसा हो! तुमीच आग लावली."

धनलक्ष्मीला दोघांचंही पटत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. ती बाभळीकडं पाहत होती. पोरगी पाठमोरी उभी होती. एकदा परक्या देशातून जिवंत परत आलेली पोर आता आपल्याच घरातून जायला निघाली होती, आणि ती एकदा हॉस्टेलवर गेली की तिच्या मनातलं जे काही बंद आहे ते कायमचं बंद होणार, एवढं धनलक्ष्मीला दिसत होतं.

"दादा, त्याच्यावर वरडू नगो," बसू म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बसू कमी बोलणारा. टेम्पो चालवायचा, भाकरी पोचवायचा, घरी येऊन जेवायचा. भुवीचा बाप म्हणून सगळ्यात आधी त्यानं पेटायला हवं होतं. पण त्यानं बाळासोंचा फोन केव्हाच ताब्यात घेतला होता आणि तळघराशी चित्र थांबवून तो बघत बसला होता.

"मी तिचा बाप. तिनं मला कदी काय सांगितलं न्हाई. मी इचारलं बी न्हाई, भ्यालो. रात्री पडलो की डोळ्यापुढं नुसता अंधार यायचा. पोरगी कुटं बसली आसंल, कशावर निजली आसंल..." त्यानं काचेवर बोट ठेवलं. "हितं बसली हुती. ह्या बरण्यांजवळ. मला आज कळलं. म्हणून म्हणतो, त्याच्यावर वरडू नगो."

श्रीशैलनं चेहरा दुसरीकडं वळवला.

"आणा इकडं," शिवबाई म्हणाल्या. "मला तर कुणी दावलंच न्हाई. म्हातारीला काय कळतंय म्हणून."

श्रीशैलनं आपला लॅपटॉप काढून आजीपुढं ठेवला, मोठं दिसावं म्हणून. शिवबाईंनी डोळे बारीक केले. जिना गेला, दार गेलं, स्वयंपाकघर आलं.

"थांब. हे माझ्या वळखीचं हाय."

"अज्जी, हे युक्रेन आहे."

"कुटलं का आसंना. धना, हिकडं ये. हे आपलं शेड न्हवं?"

धनलक्ष्मी वाकली. मघाशी फोनच्या एवढ्याशा काचेत बंदुकीपलीकडं तिला काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. भिंतीला बांबूची मांडणी, त्यावर टोपल्यात भाकरींची चळत, वर चौकड्याचं फडकं. कोपऱ्यात पिठाचा पत्र्याचा डबा आणि डब्यावर तीन बोटांनी ओढलेली विभूती. ती रोज सकाळी ओढायची तशीच, मधलं बोट जरा लांब.

श्रीशैलचे कान लाल झाले. "भुवीच्या फोटोंत स्वयंपाकघर नव्हतं. जागा भरायची म्हणून मला जे ठाऊक होतं ते घातलं. नंतर बदलायचं होतं, राहून गेलं."

"आरं, युक्रेनवाले कडक भाकरी खात्यात व्हय!" बाळासो मांडीवर थाप मारून हसले. मल्लिनाथलाही हसू आवरेना. "विभूती लावलीया डब्याला! तितं जंगम तरी भेटतो का रं?" तो म्हणाला. श्रीशैलसुद्धा हसला. घटकाभर खोपीत येळवस परत आली.

"मग पाडलं कुणी?" शिवबाईंनी विचारलं.

"काय, अज्जी?"

"आपलं शेड. शेवटाला समदं पडलं की. कुणी पाडलं?"

हसणं जागच्या जागी विरलं. धनलक्ष्मीनं पोराला परत लावायला सांगितलं. गोळ्या लागून टोपलं उडालं, भाकरींचे तुकडे भिंतभर झाले, डबा आडवा झाला, पीठ सांडलं. मघा हेच तिनं कौतुकानं पाहिलं होतं. आता तिला आपले हातच आठवले, पीठ मळणारे. आणि मग पहिल्यांदा तिला वाटलं की तिथं एका खऱ्या बाईचा डबा आहे, आणि त्या बाईचे हात.

"श्रीशैल," ती म्हणाली, "आज येळवस हाय. वाटेनं कुणी चाललं तर आपण हाक मारतो का न्हाई?"

"मारतो की."

"वळख नसली तरी बसवतो, वाढतो. पण हाक कोण मारतं? ज्याचं रान हाय तो. आता एखादा हाक न मारता आला, थेट खोपीत शिरला, माठात हात घातला, तर?"

"अव्वा, मी वाईट मनानं नाही केलं."

"मला ठाऊक हाय. पण तू त्या बाईच्या घरात बिनबोलावता गेलास. बंदूक घेऊन गेलास."

"मग कुणाला विचारायचं होतं?"

"का? मेलीय का ती?" धनलक्ष्मी म्हणाली. "आज सकाळी तिनं फूल पाठवलंय."

धनलक्ष्मीनं पदर खोचला आणि ती बाभळीकडं निघाली. भुवी खाली दगडावर बसली होती, काटकीनं मातीत काहीबाही ओढत.

"मला समजावू नको, दोडव्वा."

"न्हाई समजावत. तुझा बाप काय म्हणाला तेवढं सांगायला आले." आणि तिनं बसूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अंधाराचं, बरण्यांचं. भुवीची काटकी थांबली.

"बाबा असं म्हणाले?"

"मी माझ्या पदरचं एक अक्षर घातलं न्हाई."

वारा आला की ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती.

"मला वाटायचं, त्यांना सांगितलं तर ते मोडतील," भुवी म्हणाली.

"त्याला वाटायचं, इचारलं तर तू मोडशील. आसंच चाललंय तुमचं. आता माझं एक ऐक. त्या ओल्हाबाईला फोन लाव."

"काय सांगू तिला? माझ्या भावानं तुझ्या घरावर गेम केलाय?"

"तसंच सांग. घर तिचं हाय. आपण हितं बसून तिच्या घराचा निवाडा करायला कोण?"

भुवीनं कपाळाला हात लावला. मग ती उठली.

पहिल्यांदा फोन लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही, आणि भुवीचा चेहरा पांढरा पडत चालला. तिसऱ्यांदा काच उजळली. लोकरीचा रुमाल बांधलेली, रुंद गालांची म्हातारी बाई दिसली. मागं खिडकीला काचेऐवजी प्लॅस्टिक लावलेलं होतं आणि ते वाऱ्यानं फुगत होतं. भुवी तिकडच्या भाषेत बोलायला लागली, आणि घरातल्यांना तिचा तो आवाज नवाच वाटला. भराभर, मोकळा, मधे हसणारा.

"ऊटा आतेन?" शिवबाईंनी मधेच मोठ्यानं विचारलं. जेवलीस का, म्हणून. ओल्हाबाईला एक अक्षर कळलं नसणार, पण तिनं मान हलवली आणि कसलासा वाडगा वर करून दाखवला.

"बघ, जेवायलीय," शिवबाई समाधानानं म्हणाल्या.

मग भुवीनं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळली. श्रीशैलनं लॅपटॉप फोनपुढं धरला. ओल्हाबाईनं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग काहीतरी बोलली, आणि भुवीला अवचित हसू फुटलं.

"ती म्हणते, हे स्वयंपाकघर माझं नाही. माझा फ्रिज दाराशेजारी आहे. हे एवढं मोठं टोपलं कशाचं?"

"माझं हाय म्हणून सांग," धनलक्ष्मी म्हणाली. "पोरानं चुकून माझं घातलं."

भुवीनं सांगितलं. ओल्हाबाईनं काचेतून धनलक्ष्मीला शोधलं, बघत राहिली, आणि हळू आवाजात बोलली.

"म्हणते, मग आपल्या दोघींचंही पडलं."

धनलक्ष्मीनं हात जोडले. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

"आता विचारते आहे, इमारत पडताना दिसली, ती कधी पडते?"

"गेमच्या शेवटी," श्रीशैल म्हणाला.

भुवी आणि ती बाई बराच वेळ बोलल्या. भुवीचा आवाज मधेच खाली आला. मग ती श्रीशैलकडं वळली.

"ती म्हणते, ह्या मुलाला कसं कळलं? मी तर इथं बसलेय. सकाळी जिन्यातला दिवा गेला होता, तो मीच स्टुलावर चढून बदलला. हे घर पडेल का राहील, मला माहीत नाही. आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. रोज रात्री तेच तर माहीत नसतं. ह्याला माहीत असेल तर सांग म्हणावं."

श्रीशैलनं लॅपटॉप हळूच मिटला. जुन्या लढायांचं तो बोलला होता, पण त्यांचा शेवट तरी जगाला ठाऊक होता. इथं त्यानं एका जित्या बाईच्या घराचा शेवट स्वतःच ठरवून टाकला होता.

"नाही माहीत, म्हणून सांग," तो म्हणाला. "आणि विचार, सगळंच काढून टाकू का?"

पुन्हा बोलणं. भुवी ऐकता ऐकता दोनदा "काय?" असं विचारती झाली, जणू तिला वेगळंच उत्तर हवं होतं.

"म्हणते, तिचा भाचा सैन्यात आहे. सुट्टीवर आला की खाटेवर पडून असलेच गेम खेळतो. तिला कळत नाही त्याला काय मिळतं, पण खेळतो आणि मग त्याला झोप लागते. म्हणून खेळाला ती नावं ठेवणार नाही." भुवी थांबली. "म्हणते, सगळं काढू नको. इथं माणसं राहतात हे कुणाला तरी दिसू दे. बरण्या बरोबर आहेत, त्या काकडीच्याच आहेत. पण बंदूक घेऊन माझ्या जिन्यावर येऊ नको. आणि शेवट करू नको. शेवट झाला की मीच फोन करीन."

एवढं बोलून ओल्हाबाईनं भुवीला रान दाखवायला सांगितलं. भुवी फोन उंच धरून गोल फिरली. ज्वारी, हरभरा, खोप, बाळासोंची टोपी. बसू पुढं झाला आणि फोनपुढं उभा राहून त्यानं टोपी काढली. "माझी पोरगी सांभाळलीत," एवढंच तो मराठीत म्हणाला. भुवीनं त्याचं भाषांतर केलं नाही. तिला करता आलं नाही. पण त्या बाईनं हात हलवला तो समजल्यासारखा.

फोन बंद झाल्यावर श्रीशैल बांधावर गेला. पुण्याला मित्राला लावला. इकडं त्याच्या एका बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"टाकलेलं आधी खाली घे... आज रे, आत्ता... शेवट काढायचाय. नाही, दुसरा शेवट नाही. शेवटच नाही... अरे मग लढाई कसली म्हणजे? माणूस इमारतीत पाणी पोचवेल, दिवा बदलेल, काय ते बसून ठरवू... कंपनी नाही म्हणेल तर नाही म्हणू दे... हो, त्या बाईंशीच बोललो. खऱ्या... अरे खऱ्या म्हणजे खऱ्या!"

परत आला तेव्हा घाम पुसत होता. "ती फिल्म उतरवलीय. बाकीचं एकाला पटलंय. दोघं म्हणतात, तुझं डोकं फिरलंय. उद्या जाऊन बोलतो."

"कंपनी?" मल्लिनाथनं विचारलं.

"बहुतेक सोडेल, अप्पा."

मल्लिनाथनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "मी मघाशी जास्त बोललो," तो म्हणाला. "दुसरी कुणी भेटंल की. न्हाई भेटली तर शेडात ये, पीठ मळायला माणूस पायजेच हाय."

"ह्याला भाकरी जमंल व्हय?" शिवबाई म्हणाल्या. "चित्रातली जमली म्हणून?"

ऊन उतरत आलं. बाळासो हेंडगा, म्हणजे रानाभोवती फिरवायचा पेटता पलिता, तयार करायला गेले. सासू-सुनांनी माठ विसळले. बसू टेम्पो खोपीजवळ लावायला निघाला. धनलक्ष्मी पातेली गोळा करत होती, पण तिचं लक्ष भुवीकडं होतं. भुवीनं स्कूटरची किल्ली हातात घेतली होती. तिनं ती बोटात फिरवली, शहराच्या वाटेकडं पाहिलं, आणि मग येऊन श्रीशैलच्या शेजारी कडब्यावर बसली.

"लॅपटॉप उघड," ती म्हणाली.

"कशाला?"

"तळघर चुकलंय तुझं. फोटोत अर्धंच आलं होतं. बरण्यांच्या पलीकडं कुणाची तरी लहान सायकल होती, घंटी मोडलेली. आणि भिंतीला टेकून बसत नव्हतो आम्ही. भिंत गार असायची, अंगात शिरायची. मधोमध बसायचो, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून. पहिल्या रात्री माझ्या पाठीला ओल्हाबाईची पाठ होती. ती गुणगुणायची. मला शब्द कळत नव्हते, पण पाठीतून गाणं यायचं."

धनलक्ष्मीनं हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. टेम्पोचं इंजिन सुरू झालं होतं. खडखडत होतं, भुवीचे शब्द त्यात बुडत होते. धनलक्ष्मीनं दिराकडं पाहून नुसती मान हलवली. बसूनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, चपला काढल्या, चालत आला आणि पोरीच्या समोर मातीतच मांडी घालून बसला.

भुवी थांबली. तिनं बापाकडं पाहिलं.

"मंग?" बसू म्हणाला.